प्रयोगाचा गज

व्हायोलिन किंवा सारंगी ज्या काठीने वाजवतात तिला गज म्हणतात. लाकडाची काठी आणि तिला ताणून बांधलेले घोड्याच्या शेपटीचे केस. माझ्याकडेही एक गज होता, पण त्याच्या वाट्याला कधी वाद्य आलं नाही. भोरच्या आमच्या शाळेत संस्थानाच्या काळात ध्वनीचे प्रयोग दाखवायला एक पेटी आणली गेली होती, तिच्यातून तो आला. पेटीत एक पितळी चौकोनी पत्रा होता, तो मधोमध घट्ट धरून ठेवणारा लोखंडी स्टँड होता, तीन नादकाटे होते आणि हा गज. आजच्या व्हायोलिनच्या गजाची काठी केसांच्या बाजूला आत वळलेली असते. याची बाहेर फुगलेली होती, खऱ्या धनुष्यासारखी, त्यामुळे दर वर्षी नव्या वर्गात कुणी ना कुणी विचारायचंच, "बाई, बाण कुठे आहे?"

प्रयोग सोपा होता. पत्र्यावर बारीक रांगोळी भुरभुरवायची, पत्र्याच्या कडेला एका जागी बोट टेकवायचं आणि दुसऱ्या जागी गज वरून खाली ओढायचा. पत्रा वाजतो. रांगोळी उड्या मारते आणि पत्रा जिथे थरथरत नाही तिथे जाऊन बसते. पहिल्यांदा एक फुली उमटते. बोट जरा सरकवलं की आवाज चढतो आणि फुलीची चांदणी होते. अजून सरकवलं की आवाज अगदी वर जातो आणि जाळी पडते. सूर म्हणजे काय, चढा म्हणजे काय, हे मी हार्मोनियमवर कितीही वाजवून दाखवलं तरी मुलांच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही. पण रांगोळी हलली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा उभी राहायची.

हे मला माझ्या आधीच्या संगीताच्या मास्तरांनी शिकवलं. ते निवृत्त होताना पेटीची चावी देऊन म्हणाले, "स्वागतगीतं सगळेच बसवतात. हे मात्र दर वर्षी दाखवा. विज्ञानवाले विसरून गेलेत की ही पेटी त्यांची आहे, त्यांना आठवण करून देऊ नका."

मी दाखवत राहिले. स्वागतगीतंही बसवत राहिले. पाहुणे आले की स्वागतगीत, पाहुणे उशिरा आले की तेच पुन्हा, पाहुणे आलेच नाहीत तर मुलं उन्हात उभी होती म्हणून पालकांची बोलणी. आठवड्यातले चार दिवस भोर आणि दोन दिवस आमच्याच संस्थेची वेल्ह्याची शाळा. वेल्ह्याच्या दिवशी सकाळी सातला घर सोडायचं, पुण्याच्या एसटीने नसरापूर फाट्यावर उतरायचं, तिथून वेल्ह्याची गाडी, ती चुकली तर वडापच्या जीपमध्ये कुणाच्या तरी मांडीवर अर्धं बसून जायचं. पन्नाशी ओलांडल्यावर हे सगळं अंगावर येऊ लागलं. संध्याकाळी घरी आल्यावर मी पायरीवरच चप्पल न काढता पाच मिनिटं बसून राहायची. हे निवृत्त झालेले, घरीच असायचे. दार उघडून बघायचे आणि न बोलता चहा टाकायला आत जायचे.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी पेटी सोबत नेऊन वेल्ह्याच्या आठवीला प्रयोग दाखवायला घेतला. गजाचे केस तुटत तुटत इतके विरळ झाले होते की पकडीसाठी राळ लावली तरी काठी पत्र्याला घासायची. फुली आली, चांदणी आली. तिसऱ्या वेळी मी बोट कोपऱ्याजवळ नेलं आणि गज ओढला. काहीच वाजलं नाही. मी मनात म्हटलं, संपले आता केस. पण पत्र्यावर बघते तर रांगोळीची जाळी पडलेली, नेहमीपेक्षाही रेखीव. आणि समोर सगळा वर्ग कानांवर हात ठेवून बसलेला.

"पुरे बाई, पुरे!" पहिल्या बाकावरची मुलगी ओरडली.

"नाटकं बास," मी म्हणाले. "वाजलंसुद्धा नाही."

वर्ग हसला. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. मला वाटलं ती करताहेत. तास संपला आणि मी पेटी बंद केली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी पुण्याला गेले होते तेव्हा गज सोबत नेला. तंतुवाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी तो हातात घेऊन उजेडात धरला, काठीवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "हा तर फार जुना. याची केसांची पट्टी रुंद आहे, दुप्पट केस लागतील. माझ्याकडचा माल संपलाय, बाहेरून यायचाय, कधी येईल सांगता येत नाही. तुमच्याकडे घोडे नाहीत का? पांढऱ्या घोड्याच्या शेपटीचे आणा. घोड्याचे हं, घोडीचे नकोत, ते लघवीने खराब झालेले असतात. हातभर लांब हवेत. मी भरून देतो."

आमच्याकडे घोडे नाहीत, पण आमच्याकडून जातात. दिवाळीनंतर फलटणच्या बाजूचे धनगर मेंढरं घेऊन भोरवरून कोकणात उतरतात. बिऱ्हाड घोड्यांवर असतं. भात निघालेलं असतं, मग वाटेतले शेतकरी खतासाठी त्यांना चार दिवस शेतात मेंढरं बसवायला सांगतात. उत्रोलीत एक कळप उतरलाय आणि त्यात पांढरा घोडा आहे, अशी बातमी दूधवाल्याने आणली. तो रविवार होता. मी पिशवीत गज घेतला, केसांची लांबी मापायला. पत्रा आणि स्टँडही घेतला, कारण नुसतं तोंडाने सांगून ही गोष्ट कुणाला पटत नाही हे मला माहीत होतं.

उत्रोलीपर्यंत चालत गेले. रस्त्याच्या खालच्या अंगाला, भाताची खोडकं राहिलेल्या वावरात, जाळी लावून मेंढरांचा वाडा केला होता. गडीमाणसं मेंढरं घेऊन चारायला गेलेली. मागे बिऱ्हाड, लहान कोकरं, एक कुत्रं, दोन घोडे आणि माझ्याच वयाची एक बाई. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. पांढरा घोडा बांधाला उभा होता, अगदी पांढरा नव्हे, जुन्या धोतराच्या रंगाचा.

मी नाव-गाव सांगितलं, शाळेत शिकवते म्हणून सांगितलं आणि काय हवंय ते सांगितलं.

"घोड्याचं क्यास?" ती म्हणाली. "आन् ते कशाला?"

मी गज पुढे केला. तिने पिठाचे हात पदराला पुसले, गज उलटापालटा करून पाहिला आणि परत दिला.

"शेपूट न्हाई कापायची बाई. माशा कशानं वारंल त्यो? बोलून सांगता येतंय व्हय त्याला?"

मी म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, मावशी." आणि पिशवी उचलली. इतक्या लांब चालून आल्याचा शीण एकदम पायात उतरला. तिला ते दिसलं असावं.

"बसा की," ती म्हणाली. "च्या घ्या. आन् दावा तरी, काय करता त्ये."

चहा झाल्यावर बांधावरच्या सपाट दगडावर मी स्टँड मांडला, पत्रा बसवला, डबीतली रांगोळी भुरभुरवली. पहिल्यांदा गज ओढला. फुली उमटली.

"आगं बया!" ती वाकून बघायला लागली. "आपसूक?"

"आपसूक. आवाज काढतो ती नक्षी."

चांदणी आली तशी ती हसली. मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांत कुणी मोठं माणूस माझ्या प्रयोगाला हसलं नव्हतं. मी बोट कोपऱ्याकडे नेलं आणि उरलेसुरले केस जपून, पण झटक्यात खाली ओढले. जाळी पडली. आवाज नाही. "बघा," मी म्हणणार होते, "केस नाहीत म्हणून मुका झाला." मान वर केली तर घोड्याने डोकं उचललेलं, दोन्ही कान ताठ माझ्याकडे. कोकरं एकमेकांवर चढलेली. कुत्रं उठून तोंड उघडून भुंकत होतं, आणि त्याचं भुंकणं मला नीट ऐकू येत होतं. ती बाई दोन्ही कानांवर मनगटं दाबून उभी होती.

"थांबवा बाई! डोक्यात खिळा मारल्यावानी झालं."

"वाजलं कुठं पण?" मी म्हणाले.

तिने हात खाली घेतले. कुत्र्याला दटावून बसवलं. मग म्हणाली, "पुन्यांदा करा."

मी पुन्हा गज ओढला. या वेळी ती पत्र्याकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तुमास्नी ऐकू येत न्हाई, बाई," ती म्हणाली.

"येतं की. तुमचं सगळं बोलणं ऐकू येतंय."

"बोलनं येतंय. ह्ये येत न्हाई." तिने पत्र्याकडे बोट केलं. "आमची एक कुत्री अशीच झालती. हाका मारल्या तर यायची, शीळ घातली तर न्हाई यायची. आमी म्हनायचो माजली. मारलं बी तिला. मग ध्यानात आलं, शीळच तिच्यापत्तूर पोचत न्हाई."

पत्र्यावरची जाळी वाऱ्याने हळूहळू पुसट होत होती. मी तीस वर्षं कानावर पोट भरलेली बाई, आणि हे मला एका बांधावर, पत्र्यावरच्या रांगोळीपुढे कळत होतं. रडू आलं नाही. फक्त तिथेच आडवं व्हावंसं वाटलं.

मेंढरं कातरायची कातर घेऊन ती घोड्याकडे गेली, त्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, शेपटी एका हाताने वर उचलली. "वरनं न्हाई देनार," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आतनं देते. आतलं ग्येलं तर त्याला कळायचं न्हाई." चिमूट चिमूट करून तिने आतले लांब केस कापले, प्रत्येक चिमूट गजाला लावून लांबी बघितली, आणि शेवटी सगळी जुडी लोकरीच्या दोऱ्याने बांधून माझ्या हातात दिली.

"कान दावून घ्या," ती म्हणाली. "आन् जाताना रस्त्याच्या कडंनं चाला. मागनं गाडी आल्याली कळायची न्हाई तुमास्नी."

मी कडेने चालत घरी आले. हे ओट्यापाशी उभे होते, कुकर लावलेला होता. मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले. कुकरच्या झाकणावरून वाफ उसळली, शिट्टी उचलली गेली आणि खाली बसली. मला फक्त फुसफुस कळली, तीही डोळ्यांनी. यांनी पुटपुटत तीन म्हटलं आणि गॅस बंद केला. तेव्हा लक्षात आलं, गेली दोन-तीन वर्षं आमच्याकडे शिट्ट्या हेच मोजतात. हे काम माझ्याकडून त्यांच्याकडे कधी गेलं, याची आमच्यात कधी चर्चा झाली नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"काय?"

"मला शिट्टी ऐकू येत नाही ते."

त्यांनी कुकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला वाटलं तुझं लक्ष नसतं," ते म्हणाले. "थकलेली असतेस. दोनदा वरण करपलं, म्हणून मीच उभा राहायला लागलो."

पुण्याला जाऊन तपासणी केली. एका लहानशा बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन घातले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बराच वेळ मी दाबलंच नाही. काचेपलीकडची मुलगी माझ्याकडे बघत होती, माझ्या वर्गातली असती तर मी तिला म्हटलं असतं, वाजव की आता. नंतर कळलं की ती सारखी वाजवतच होती. कागदावर आलेखाची रेघ आधी सपाट गेली आणि मग वरंध्याच्या घाटासारखी सरळ खाली कोसळली.

डॉक्टर तरुण होते. "काकू, ही नस आहे," ते म्हणाले. "गेलेलं परत येत नाही. यंत्र लावलं तर मदत होईल. तुम्हाला खालचे आवाज उत्तम ऐकू येतात, म्हणून तुम्हाला कळलं नाही. वरचे गेलेत. बोलण्यातले स, श, फ, त हे तुम्हाला पुसट येत असणार. विशेषतः लहान मुलांचं, बारीक आवाजाचं. आवाज येतो, शब्द उलगडत नाहीत. आपल्याला वाटतं समोरचा पुटपुटतोय."

मी मान हलवली. पण ते पुढे जे काही सांगत होते, यंत्र कुठलं, बॅटरी कशी, ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला वेल्ह्याच्या शाळेतली एक मुलगी आठवली होती.

ती सातवीत असताना मी तिला समूहगीतात घेतलं होतं. डोंगराच्या वरच्या अंगाच्या एका वाडीवरून चालत यायची. किडकिडीत अंगाची, बारीक आवाजाची. सरावाच्या वेळी मला तिचे शब्दच कळायचे नाहीत. मी तिला चारदा थांबवलं. "शब्द खातेस तू," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "घरी जेवत नाहीस का, म्हणून इथे शब्द खातेस?" मुलं हसली. माझ्या विनोदावर मीही हसले असेन. मग मी तिला मागच्या रांगेत टाकलं, आणि कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजवर चढण्याआधी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "तू म्हणू नकोस, नुसते ओठ हलव." तिने मान डोलावली आणि खरोखर तसंच केलं. पुढच्या वर्षी ती गाण्याला आली नाही. मी चौकशीही केली नव्हती. एक कमी, एवढंच वाटलं होतं.

पुढच्या वेल्ह्याच्या दिवशी मी तिला शोधलं. ती आता नववीत होती. शाळा सुटल्यावर मैदानावर मुलींचा कबड्डीचा सराव चालायचा, तिथे ती सापडली. वाढली होती, गुडघ्याला माती लागलेली, ओढणी कमरेला आवळलेली. मी हाक मारल्यावर ती धावत आली आणि समोर येऊन ताठ उभी राहिली, आपल्याला रागावायलाच बोलावलंय अशी.

कसं सुरू करावं मला कळेना. वर्गात बोलायची सवय. एकट्या मुलाशी आपण काय बोलतो? मी म्हणाले, "तू सातवीत असताना मी तुला शब्द खातेस म्हणाले होते. आठवतंय?"

"व्हय बाई."

"तू खात नव्हतीस. मलाच ऐकू येत नव्हतं. माझे कान गेलेत. आता तपासलं तेव्हा कळलं."

ती माझ्या कानांकडे बघायला लागली, तिथे काही दिसेल अशी. मग म्हणाली, "मी मोठ्यानंच म्हनत हुते बाई."

"हो."

"आईनं बी इचारलं हुतं, तोंड तर हलत हुतं, मग तुझा आवाज का आला न्हाई. मी म्हनलं, माईक लांब हुता."

म्हणजे तिची आई तो कार्यक्रम बघायला त्या वाडीवरून खाली आली होती. हे मला माहीत नव्हतं. माहीत झालं नसतं तर बरं झालं असतं, असंही क्षणभर वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

"मी चुकले," मी म्हणाले. "तुला परत गाण्यात यायचं असेल तर ये. पुढच्या रांगेत."

तिने मागे वळून मैदानाकडे पाहिलं. मुली तिची वाट बघत थांबल्या होत्या.

"न्हाई बाई," ती अगदी साधेपणाने म्हणाली. "आता मी कबड्डीत हाय. चढाई मीच करती." आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून असेल, "तुमी काय मुद्दाम न्हाई केलं."

ती परत गेली. मी कडेच्या दगडावर बसले. गाडीला वेळ होता. ती रेषेला हात लावून समोरच्या भागात घुसली आणि एका दमात तिचं कबड्डी, कबड्डी सुरू झालं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मला ते स्वच्छ ऐकू आलं. ड आणि ब माझ्या कानांपर्यंत अजून पोचत होते. तिचा दम लांब होता. असा दम गाण्यात मिळाला असता तर, असं माझ्या मनात आलंच. तीस वर्षांची सवय. दोन मुलींना बाद करून ती परतली तेव्हा तिच्या बाजूच्या सगळ्या तिच्या अंगावर पडल्या. मी उठले आणि एसटी स्टँडकडे निघाले.

भोरला मुख्याध्यापिकांना सांगितलं. बाई सज्जन होत्या, पण त्यांच्या टेबलावर सतत कशाची तरी माहिती कुठेतरी पाठवायची असायची. त्यांनी पेन खाली ठेवलं, "अरेरे" म्हणाल्या, आणि पुढे म्हणाल्या, "स्नेहसंमेलनापर्यंत कुणाला बोलू नका. पालक उगाच फाटे फोडतील. नंतर बघू काहीतरी."

"काहीतरी नको," मी म्हणाले. "संमेलन मी करते. त्यानंतर गाणं बसवणार नाही. मुलं चुकली म्हणून मी त्यांना रागवायचं आणि चुकलेलं असायचं माझं, हे मला आता जमणार नाही."

"मग तासाला काय घ्याल?"

"ताल घेईन. ताल मला ऐकू येतो. आणि प्रयोग."

मधल्या काळात कारागिरांनी गज भरून दिला. त्यांनी केस धुतले, विंचरले, तुटके काढून टाकले आणि सरळ पट्टा बांधला. "घोडा चांगला होता," एवढंच म्हणाले. नवे केस पिवळट पांढरे दिसत होते. राळ धरायला त्यांना आठवडा लागला.

कानात यंत्रं आली. पहिले काही दिवस घरात फारच गर्दी झाली. पिशवीचा प्लास्टिकचा आवाज, नळाचा, यांच्या चपलांचा. आमचा फॅन कुरकुरतो हे मला कळलं. शाळेत चाळीस मुलं एकदम बोलली की सगळ्याचं पत्र्याच्या डब्यातल्या खड्यांसारखं व्हायचं आणि दुपारपर्यंत डोकं उठायचं. मी मधल्या सुट्टीत यंत्रं काढून पर्समध्ये ठेवायची आणि दहा मिनिटं भिंतीला टेकून बसायची. खरं सांगायचं तर त्या दहा मिनिटांची मी सकाळपासून वाट बघायची.

संमेलन झाल्यावर वेल्ह्याच्या त्याच आठवीला मी प्रयोग पुन्हा दाखवला. आधी त्यांना सगळं सांगितलं. मागच्या वेळी तुम्ही कानांवर हात ठेवलेत आणि मी तुम्हाला नाटकी म्हणाले, ते चूक होतं, बाईंना तो आवाज ऐकूच आला नव्हता. मग एकाने विचारलं, "म्हणजे आवाज असतो, पण बाईंना नसतो?"

"हो. मला नसतो. तुम्हाला असतो."

"कुत्र्याला आमच्यापेक्षा जास्त असतो," दुसरी म्हणाली.

"असतो."

असा तास मी आयुष्यात घेतला नव्हता. यंत्रं काढून टेबलावर ठेवली, पत्र्यावर रांगोळी टाकली आणि मुलांना सांगितलं, मी ओढत राहते, मला ऐकू येणं कुठे बंद होतं ते मी मानेने सांगेन, तुम्हाला ऐकू येतंय तोवर हात वर ठेवा. फुलीला सगळ्यांचे हात वर होते, मीही मान डोलावली. चांदणीला माझी मान अर्धवट हलली. जाळीला माझी मान नाही म्हणाली आणि त्यांचे चाळीस हात वर. नवे केस चांगले धरत होते, पत्र्याची थरथर बोटात लागत होती, पण खोलीत माझ्यापुरती पूर्ण शांतता होती. त्या शांततेत ती सगळी पोरं तोंड वेडीवाकडी करून, एका हाताने कान दाबून, दुसरा हात इमानदारीने वर धरून बसली होती.

मग मी यंत्रं लावून एकदा तो आवाज ऐकला. वाटीवर सुरी घासावी तसा होता. इतका वाईट आवाज मी इतकी वर्षं मुलांना ऐकवत होते! मी कपाळाला हात लावला तसा वर्ग खो-खो हसला.

वर्षअखेरीला मी मुदतीच्या आधीच निवृत्ती घेतली. कुणी फार आग्रह केला नाही. पेटी आणि गज वेल्ह्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या नव्या बाईंकडे दिला. त्या पानशेतकडच्या, स्कूटीवरून येतात, हाताने नेटक्या आहेत. देताना त्यांनी विचारलं, हे जुनं सामान संग्रहालयात द्यायला नको का, तिथे नीट राहील. मी म्हणाले, तुम्ही दाखवणार असाल तर इथे ठेवा, दाखवायचा कंटाळा आला की खुशाल द्या.

आता मी घरीच असते. गल्लीतल्या भजनी मंडळाच्या बायका दोनदा येऊन गेल्या, शिकवाल का म्हणून. सध्या नको म्हटलं. बायकांना ते आवडलं नसावं. पण सकाळी सातला कुठेही जायचं नसतं, ही गोष्ट अजून अंगात मुरायची आहे. मी उठते, चहा घेऊन खिडकीत बसते, यंत्रं दहा वाजेपर्यंत लावत नाही. हे काही सांगायचं असलं की समोर येऊन उभे राहतात आणि मग बोलतात. तशी त्यांना सवय लागली आहे.

मागच्या आठवड्यात विज्ञानाच्या बाईंचा फोन आला. फोनवर मला निम्मंच कळतं. गजाबद्दल काहीतरी अडचण होती, घसरतोय की अडकतोय ते उलगडेना. मी दोनदा "काय?" विचारलं, तिसऱ्यांदा विचारायचा जीव होईना. म्हणाले, "तुम्ही घरीच या, गज आणि पत्रा घेऊन या." शनिवारी दुपारी त्या आल्या. मी त्यांना पत्र्यापुढे उभं केलं आणि ओढा म्हटलं. फुलीच्या जागी नुसता ढीग झाला. यंत्रं मी दुपारपुरती काढून ठेवली होती, पण त्यांचं मनगट मला दिसत होतं. मी त्यांचा हात धरून तो सैल केला, राळेचा तुकडा केसांवरून चारदा फिरवून दिला आणि म्हणाले, "आता ओढा."

फुली आली. त्या वळून काहीतरी म्हणाल्या. ओठांवरून वाटलं, नीट वाजलं का, असं विचारत असाव्यात.

"ते तुम्ही सांगायचं," मी म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.